कोळ्याचं दार
स्पिरिटचा वास आला की कर्जतजवळचा तो डोंगरउतार आठवतो आणि माझं डोकं फिरतं. पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती, मी कॉलेजात होतो आणि आमच्या प्राध्यापकांना जमिनीतल्या बिळावर मातीचं झाकण लावून राहणारा कोळी हवा होता. झाकण मिटलं की शेवाळात काही म्हणता काही दिसत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात तेवढी त्याची कड कळते. मातीत नाक खुपसून मी नऊ झाकणं शोधली, खुणेसाठी प्रत्येकाखाली गवताची काडी अडकवून ते किलकिलं ठेवलं, वाटाड्या म्हणून आलेल्या ठाकूर जमातीच्या म्हाताऱ्याला राखणीला बसवलं आणि कुदळ आणायला वाडीत गेलो. परत येतो तर एकही काडी जागेवर नाही! म्हातारा निवांत विडी ओढत होता. “कुनाचं दार उघडं टाकून जायाचं नाय, दादा,” तो मलाच समजावू लागला, “आत बाई हाय, पोरं हायत. मी सगली लावली.” “कुठली लावलीत ते तरी दाखवा!” मी ओरडलो. “आता लावल्यावर कशी दिसनार?” कोळी बुडवून ठेवायला आणलेली स्पिरिटची बाटली तशीच घेऊन मी परतलो. अजूनही त्याच्यावर चरफडतो, पण कुणाचंही दार उघडं दिसलं की उठून लावून येतो.