ओट्यावर वाळत घातलेले ठोकळे

बाळ दिसेल ते तोंडात घालायचं, म्हणून मी थोरल्या लेकीचे घर रचायचे प्लास्टिकचे ठोकळे साबणानं धुऊन दारातल्या ओट्यावर वाळत घातले. आग लागो माझ्या स्वच्छतेला. मी पाठ फिरवली, तेवढ्यात बाळ रांगत तिथं गेलं आणि ठसका लागून लालबुंद झालं.

जीप करून जामखेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आता श्वास बरा आहे. पण प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. घरी लगेच बघा. एकही ठोकळा कमी असेल, तर नगरला नेऊन दुर्बिणीनं तपासावं लागेल."

घरी आल्याआल्या मी सगळे ठोकळे चादरीवर ओतले, रंगांप्रमाणे ढीग केले आणि खोक्यावरच्या चित्रासारखं घर रचलं. छपरात एका लाल ठोकळ्याची जागा रिकामी राहिली.

"आई, त्यो कवाच हरवलाय," थोरली म्हणाली.

"कवाच म्हणजे कधी? खरं सांग." मी तिचे दंड धरून गदागदा हलवलं. पुन्हापुन्हा तेच विचारलं. काल होता का? सकाळी धुताना होता का?

ती रडायला लागली.

"तू म्हणशील तवा हरवला, आई."