माशाखालची सावली

बाई आधी पंखा बंद करायच्या. मग खिडकीचं एक दार लोटून घ्यायच्या, ड्रॉइंग बोर्डाच्या वरच्या कडेखाली एक जाडजूड पुस्तक सरकवायच्या आणि म्हणायच्या, "चल. आता थांबायचं नाही."

पार्श्वभूमी भरायला मी अशी शिकले. मुलुंडला, बाईंच्या दोन खोल्यांत, ऑक्टोबरच्या उकाड्यात. मी अठरा वर्षांची होते, घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहत होते आणि चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत एकदा नापास झाले होते. परीक्षेत मडकं मी बरं काढलं होतं, पण त्याची सावली सरळ काळ्या रंगाने भरली आणि मागचा भाग तुकड्यातुकड्याने. शाळेत मला चित्रकला बाईंनीच शिकवली होती. त्या आता निवृत्त झाल्या होत्या, एकट्याच राहत होत्या. मी नापास झाल्याचं कुणाकडून तरी कळलं आणि त्यांनी निरोप धाडला: मंगळवारपासून ये, सकाळी आठला, स्वतःचा ब्रश घेऊन.

पहिले तीन आठवडे मी पार्श्वभूमीशिवाय काही केलं नाही. बोर्ड उतरता असल्यामुळे प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साचतं. ते वाळायच्या आत पुढच्या पट्ट्याने खाली ओढून न्यायचं, मध्ये वस्तू आली की तिला वळसा घालून दोन्ही बाजूंनी एकदमच उतरायचं. एक बाजू मागे राहिली की तिथे कडक कड उमटते. ती पुढे काही केल्या जात नाही.

"परत वर का गेलीस?"

"डाग दिसला, बाई."

"दिसू दे की! ओल्या रंगात परत हात घातलास की वाट लागली. वाळेपर्यंत हात मागे बांधून बस."

सावलीचंही तसंच. काळ्या रंगाची ट्यूब त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतली. निळा आणि तपकिरी मिसळून करडा बनवायचा. वस्तूला चिकटून असते तिथे सावली गडद, तिची कड धारदार. लांब जाईल तशी ती फिकट होते, विरते. आणि वस्तूचा रंग थोडा तिच्यात उतरतो. हे कळायला मला चाळीसेक कागद लागले.

दिवाळी झाली आणि बाईंना एक मोठं काम मिळालं. मासेमारीचं काम पाहणाऱ्या एका सरकारी कार्यालयाला शाळांत लावायच्या तक्त्यांसाठी आपल्या किनाऱ्यावरच्या बारा माशांची चित्रं हवी होती. बाईंनी असे तक्ते पूर्वी पुष्कळ केले होते. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मासे मी काढते. मागचा रंग आणि सावल्या तू घालायच्यास. शिकायला याहून बरं काय मिळणार?"

मला आकाश ठेंगणं झालं. भीतीही तेवढीच वाटली. बाईंनी दोन दिवस खपून काढलेल्या बांगड्याभोवती रंग मला न्यायचा होता, कल्ल्याला आणि परांना धक्का न लावता. हात चुकला तर सगळं चित्र फुकट.

मासे खरे, ताजे लागत. बाजारात बसणारी एक कोळीण सकाळी आठच्या सुमाराला टोपली घेऊन दारात यायची. "सकालचाच हाय, बाय. डोला बघ त्याचा," असं म्हणून मासा बाईंच्या हातात द्यायची. त्या तो पत्र्याच्या ट्रेमध्ये बर्फावर ठेवत. तासाभरात त्याचा डोळा आत जाऊ लागे, दोन तासांत अंगावरची चमक मरे. म्हणून त्या दोन तासांत घरात कुणी बोलायचं नाही. मी माश्या वारत उभी राही.

तेव्हाच मला काही गोष्टी खटकू लागल्या. बाई माशाकडे सरळ बघत नसत. मान वळवून, कोंबडीसारखं एका बाजूने बघत. भिंगही तसंच तिरपं धरत. माझी पार्श्वभूमी वाळली की विचारत, "उजव्या कोपऱ्यात कड आलीय का?" मला वाटायचं, परीक्षा घेताहेत. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं. बाई हसल्या, मीही हसले. पण ट्यूबा त्या नेहमी एकाच क्रमाने मांडत आणि मी एखादी जरी सरकवली तरी खेकसत.

नवव्या चित्राच्या दिवशी पापलेट होतं. आदल्या संध्याकाळी मी सगळं धुऊन पुसून ठेवलं होतं. घाईत निळ्याच्या जागी तपकिरी ट्यूब गेली, तपकिरीच्या जागी निळी. सकाळी बाईंनी न बघता हात लांबवला, ट्यूब दाबली, पाणी घातलं आणि पापलेटच्या पाठीवरून ब्रश ओढला.

चंदेरी पाठीवर तपकिरी पट्टा आला. मला वाटलं, खाली आधी तोच रंग द्यायचा असेल. दुसरा पट्टा आला. मासा सडल्यासारखा दिसू लागला. बोलू की नको? तिसरा पट्टा. बाईंचा चेहरा शांत होता, निळा रंग चालल्यासारखा. चौथा पट्टा ओढेपर्यंत मी गप्प होते आणि त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

"बाई, तो निळा नाहीये."

ब्रश जागीच थांबला. "मग काय आहे?"

"तपकिरी."

बाहेर कुणीतरी बादली आपटली, त्याने दोघी दचकलो. बाईंनी ब्रश पाण्यात ठेवला. तो भांड्याच्या काठावर दोनदा आपटला, मग आत गेला.

"मधोमध काही दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "धुरकट डाग आहे. कडेने दिसतं. रंग फार गडद किंवा फार फिका असला तर कडेनेही ओळखू येत नाही. डॉक्टर म्हणाला, वाढत जाणार."

"कधीपासून?"

"तुला बोलावलं, त्याच्या आधीपासून."

मला राग आला. म्हणजे शिकवायला नव्हतं बोलावलं? तसं मी बोललेही. बाई उसळल्या. "पाच महिने झाले, सावली घालता येते ना तुला? मग? मला डोळे हवे होते, तुला हात हवा होता. दोन्ही खरं आहे." आणि मग हळू आवाजात, "कुणाला सांगू नकोस. भावाला कळलं तर तो मला रत्नागिरीला नेऊन बसवील. हे काम संपू दे."

ते पापलेट आम्ही फेकून दिलं नाही, कालवण केलं.

चौथ्या दिवशी कार्यालयातले साहेब झालेली चित्रं बघायला आले. कळवलं नव्हतं. नवीन पापलेट धरून नऊ चित्रं तयार होती. त्यांनी ती दिवाणावर मांडली, एकेक उचलून खिडकीशी नेलं. हलव्याच्या चित्राशी थांबले. "बाई, हा मासा हवेत तरंगल्यासारखा वाटतो. खालची सावली जरा वाढवा ना. आत्ताच करा, मी थांबतो. सगळी घेऊनच जातो."

बाईंचा हात टेबलावर ट्यूबांच्या दिशेने गेला आणि तिथेच राहिला. साहेब बघत होते.

"सावल्या माझ्या नाहीत," बाई म्हणाल्या. "मागचे रंगही नाहीत. ते हिचं काम आहे, हीच दुरुस्त करील."

साहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "ही?"

"हीच. बस गं."

मी बसले. करडा मिसळला, रद्दी कागदावर लावून बघितला, त्यात हलव्याचा काळसर जांभळा थेंबभर घातला. साहेबांचा श्वास मानेवर येत होता. आधी साध्या पाण्याने सावलीच्या बाहेरची कड ओली केली, मग माशाच्या पोटाला चिकटून ब्रश एकदाच नेला, शेपटीपर्यंत. रंग ओल्या भागात आपोआप पसरला. एका पराच्या टोकाशी तो जरा आत शिरला. बोटाने टिपावंसं वाटलं. नाही टिपला. मांडीखाली हात दाबून बसून राहिले.

पाचेक मिनिटं तिघंही त्या ओल्या पट्ट्याकडे बघत होतो. वाळला तसा तो फिकटला आणि मासा टेकला.

साहेबांनी चित्रं बांधून घेतली. दाराशी चपला घालताना मला हळूच विचारलं, "उरलेले तीन मासे कोण काढणार?"

त्यांना कळलं होतं. खोटं बोलायला मला तोंड नव्हतं आणि खरं बोलायचा हक्क नव्हता. "आम्ही दोघी," मी म्हटलं.

ते "वेळेवर द्या," म्हणाले आणि जिना उतरले.

सुरमई, बोंबील आणि रावस मी काढले. बाई शेजारी बसून माशावरून बोटं फिरवत, खवले कुठे बारीक होतात ते सांगत आणि मी ऐकलं नाही की भांडत. बोंबील चारदा काढला, कारण तो बर्फावरसुद्धा क्षणात लिबलिबीत होई. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी इतक्या चिडलो होतो की निरोपही नीट घेतला नाही.

तक्ते छापून आले, त्यावर एकट्या बाईंचं नाव होतं. मी दोन दिवस आईशीही बोलले नाही. बाईंना हे कळल्यावर त्या बस बदलत एकट्या कार्यालयात जाऊन भांडून आल्या. उपयोग झाला नाही. नाव आता बदलता येत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. तो प्रवास त्यांनी त्या डोळ्यांनी कसा केला, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मे महिन्यात त्यांनी स्वतःच भावाला पत्र लिहवून घेतलं. अक्षर माझं होतं. जूनमध्ये मी परीक्षेला बसले आणि पास झाले. निकाल सांगायला मुलुंडला गेले तेव्हा भाऊ सामान बांधत होता आणि बाई खुर्चीत बसून त्याला ओरडत होत्या की बोर्ड उभा ठेव, वाकेल.