बाहेर निघालेली पावलं

"पाय नको ठेवू आते. साफ व्हयेल शे."

बाई दारात उभी राहून म्हणाली. मी हॉलच्या आतल्या टोकाला, भिंतीला पाठ लावून. आम्हा दोघींच्या मध्ये तिचा गालिचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मरून रंगाचा, अजून ओला. तो मीच धुतला होता. सकाळपासून त्याच्यावरच होते मी. गुडघे टेकून डाग काढले, मशीन फिरवलं, आतलं काळं पाणी ओढून बादल्या भरल्या. तोवर माझे पाय चालले. गालिचा साफ झाला आणि पाय नकोसे झाले.

ब्राह्मणपुरीच्या पुढचं एक गाव. केळी, पपई, ऊस. घरापुढे दोन गाड्या. मी शहाद्याला एका शेठकडे कामाला होते. सोफे, गालिचे धुऊन द्यायचा त्याचा धंदा. टेम्पोवाला मला आणि मशीनला सकाळी उतरवून निघून गेला होता.

मशीन म्हणजे खाली गोल फिरणारा ब्रश, वर उभा दांडा, दांड्याला शाम्पूच्या पाण्याची टाकी. दांडा जरा उचलला की ते उजवीकडे जातं, जरा दाबला की डावीकडे. जोर केला की माणसालाच फरफटत नेतं. शिकताना त्याने मला एकदा सोफ्यावर नेऊन आदळलं होतं, सगळे हसले होते, मीही हसले होते. आता ते माझं ऐकतं. पण कामाची एक रीत आहे. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दारापाशी यायचं. धुतलेल्यावर पाय पडत नाही, आणि काम संपतं तेव्हा आपण दारात असतो.

बाईने ते उलटं, दारापासून आत असं करायला लावलं. दुसऱ्या दिवशी वसुबारस. उंबऱ्यावर लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर आधीच लावून झालेले, घरात येणारे.

"दारकडून मधमा जाय," ती म्हणाली. "दिवाळीमा घाण दारकडे लोटू नको. लक्ष्मी बाहेर निंघी जास."

मी म्हटलं, "बाई, मंग मी मधमा अडकी जासू."

"मंग वाळस तोवर उभी ऱ्हाय. काय व्हस तुले?"

मी हो म्हटलं. आम्हा डोंगरातल्या लोकांच्या तोंडात हो आधी येतो, विचार मागून येतो. माझी आई या सपाटीवरच्या गावांत मजुरीला यायची तेव्हा ओट्याखाली उभी राहायची. वर ये असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही. तिचा तो हो माझ्या अंगात उतरलाय.

तर मी अडकले. डाव्या हाताला देवघर, उजव्या हाताला स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला मागचं दार होतं, ते मला दिसत होतं. त्यातून परसातलं ऊन दिसत होतं. तीन-चार ढांगांत मी बाहेर असते. बाईने माझी नजर बरोबर ओळखली.

"तिकडे नको जाऊ. सयपाकघर शे ते."

आणि ती स्वतः घराला बाहेरून वळसा घालून, मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. करंज्या तळायला घेतल्या. वास येत होता. पोटात काही नव्हतं.

मला जायचं होतं. माझी पोरगी अक्कलकुव्याजवळ आश्रमशाळेत आहे. त्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागणार होती. तिथे पोर आईबापाच्याच ताब्यात देतात, आणि तिला बाप राहिलेला नाही. फाट्यावरून दुपारची एसटी मिळाली तर तळोदामार्गे संध्याकाळच्या आत मी पोचणार होते. पोरगी आदल्या दिवसापासून पेटी भरून बसली असणार, हे मला न सांगता माहीत होतं. गालिचा वाळायला संध्याकाळ होणार होती. पंखे गरगर फिरत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते.

शेठला फोन लावला. तो म्हणाला, "खडी रह ना थोडी देर. बडे घर का काम है." फोन बंद.

मला लघवीला लागली होती. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज त्यांना वाटायला हवी. मी हाक मारून बाईला सांगितलं. तिने कढईवरून मान वर न करता सांगितलं, "थांब ना जराशी." मी मांड्या आवळून उभी राहिले. खाली बसावं तर गालिचा. मशीनच्या दांड्याला धरून उभी राहिले. त्या घरात माझ्या हक्काचं तेवढंच होतं, आणि तेही शेठचं.

मग मालक आले. शेतातून, चपला घालून. दारातून आत आले, सरळ गालिच्यावरून चालत माझ्या समोरून गेले, भिंतीला लावलेला मोबाईल चार्जरवरून काढला, आणि आले तसे परत गेले. माझ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. ओल्या गालिच्याची लव एका अंगाला विंचरलेली असते. तिच्यावर पाय पडला की चेपून गडद ठसा उठतो. त्यांच्या चपलांचे ठसे जाऊन येऊन उठले, कडांना मातीसकट.

बाईने ते पाहिलं. म्हणाली, "आहो, जरा बाजूले चाला ना."

तेवढंच. तेही लाडाने.

माझं डोकं फिरलं. म्हणजे ओल्याचं कारण खोटं होतं. चपला चालत होत्या, शेतातली माती चालत होती. माझे पाय सकाळपासून शाम्पूच्या पाण्यात राहून पांढरे पडले होते, सुरकुतले होते. त्या घरात त्या दिवशी त्यांच्याइतकं धुतलेलं दुसरं काहीच नव्हतं, आणि ते चालत नव्हते. राग आला. मग मी वायर गुंडाळली, मशीन भिंतीला नीट लावलं, पदर खोचला आणि चालायला लागले. कडेने नाही. मधून.

"ए, कथा चालनी? ए भिलनी!"

"मन्ही पोरले लेवाले." पोरीला आणायला चालले, एवढं सांगून मी थांबले नाही.

मी दारात पोचले तोवर ती वळसा घालून पुढे धावत आली होती. तेलाचा झारा हातात तसाच. ती माझ्याकडे नाही, गालिच्याकडे बघत होती. माझी अनवाणी पावलं, बोटांसकट, आतून दाराकडे येणारी.

"ते पाय पुसी टाक पहिले! लक्ष्मी मधमा येस, आन तू बाहेर जायेल पाय ठेवी जाई ऱ्हायनी?"

"तुम्हना मालकना पाय पहिले पुसा. मन्हा मी पुसाव नई."

एवढं बोलताना माझा आवाज फाटला. पण बोलले. उंबऱ्यावरच्या स्टिकरवर मात्र पाय दिला नाही. तेवढे ओलांडून गेले.

फाट्याच्या वाटेवर बाभळीआड बसले. बसल्या जागी रडू आलं. तेवढ्यात शेठचा फोन. "वापस जा, साफ कर, माफी माँग. नहीं तो कल से मत आना." फोन ठेवला आणि चालत राहिले. ती एसटी गेली होती. जीपने तळोदा, तिथून दुसरी जीप. पोचले तेव्हा आश्रमशाळेच्या पायरीवर एकच पोर उरली होती, आपल्या पेटीवर बसलेली.

"याहा, उशीर का केलास?" आमच्या बोलीत तिने विचारलं; याहा म्हणजे आई.

"एका घरात उभी होते."

"मग बसायचं ना."

ती सहज बोलली. पेटी डोक्यावर घेतली आणि तिचा हात धरला.

शेठने काढलं ते काढलंच. कापूस वेचला, मग नंदुरबारला दुसऱ्याकडे हेच काम मिळालं. घरं तशीच आहेत. माणसं तशीच. कुठे पाणी वरून ओततात, कुठे मागच्या दाराने या म्हणतात. काही बदललेलं नाही, आणि बदललं असं मी कोणाला सांगणारही नाही.

पण मशीन टेम्पोतून उतरवण्याआधी मी दारातच सांगते: आतल्या भिंतीपासून सुरू करणार, दाराकडे येणार. वसुबारस असो की आणखी काही. पटत नसेल तर मशीन उतरत नाही. दोन कामं गेली त्यापायी. आणखी जातील. जाऊ देत. त्या भिंतीला पाठ लावून मी पुन्हा उभी राहणार नाही. आणि उद्या माझ्या पोरीला कोणी तसं उभं करायला निघालं, तर त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.