चुरीचं वरण

मैत्रिणींनो, आज दुपारी वरणावरून माझं तोंड फुगलं होतं. हसू नका, आधी ऐका.

लग्न होऊन मी मारेगावजवळच्या या गावात आले, त्याला आठ महिने झाले. तूर आमच्या घरचीच. तिची डाळ केली की चाळणीखाली तुटकी चुरी उरते. सासूबाई ती वाया जाऊ देत नाहीत. चुरीचा डबा वेगळा आणि तिचं वरणही वेगळ्या गंजात शिजतं. ते सासूबाई, सासरे आणि माझा नवरा खातात. मला मात्र रोज वाटीभर अख्ख्या डाळीचं वरण! लाडाची सून ना, म्हणून मीही खुशीत होते.

आज नणंदेच्या सासरचे पाहुणे जेवायला होते. त्यांना अख्ख्या डाळीचं वरण वाढलं. ते उठल्यावर सासूबाई आणि मी बसलो. ते वरण उरलं होतं, तरी सासूबाईंनी माझ्या ताटात चुरीचं वाढलं.

काल माझ्या हातून तेल सांडलं होतं. त्याचाच राग काढतात, असं वाटून माझे डोळे भरून आले.

"आई, माझं काही चुकलं काय?"

"काहून वं?"

"मले आज चुरी वाढली, म्हणून म्हटलं."

त्या जेवता जेवताच म्हणाल्या, "अवं, अख्खी दाळ पाहुण्यायसाठी असते. अजून किती दिवस पाहुनी राहशीन तू?"

मी वाटी पुढे केली आणि अजून चुरीचं वरण मागून घेतलं.

तुमचं सासरचं पाहुणेपण कोणत्या दिवशी संपलं गं?