कचेरीतली पंखेवाली

...तर भिकाजी तांडेलानं कागदावर अंगठा उठवला, इथवर काल आलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. साल एकोणीसशे एकोणतीस. मुंबईहून भरून आलेलं गलबत मिरकरवाडा बंदरात रिकामं केलं, तर कापडाच्या दोन गाठी कमी. व्यापाऱ्यानं वर्दी दिली, हवालदारानं गलबतावरचे चार खलाशी चौकीत नेऊन बसवले. भिकाजी त्यांचा तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या. शीड फाटो, नांगर तुटो, गलबतावर काही बिघडलं की दोष तांडेलानं घ्यायचा, ही दर्यावरची रीत. तो तडक चौकीत गेला आणि म्हणाला, "पोरांना सोडा. काय लिवायचा ता माझ्या नावावर लिवा."

हवालदाराला आणखी काय हवं? त्यानं चोरीचा कबुलीजबाबच लिहून काढला, त्यावर तांडेलाचा अंगठा घेतला आणि पोरांना सोडलं.

पण हवालदार एक गोष्ट विसरला. भिकाजीची बायको हौसा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत छताचा कापडी पंखा दोरीनं ओढायची. सासऱ्याचे हात थकले तेव्हा दोरी तिच्याकडे आली, त्याला बारा वर्षं झाली होती. ती बसायची बाहेर पडवीत. दोरी भिंतीतल्या भोकातून आत, आणि आतला शब्द न् शब्द त्याच भोकातून बाहेर! बाई अक्षरशत्रू, पण साक्ष कुठं फसते आणि वकील कुठं घाम पुसतो, सगळं पाठ. वकिलांचे कारकूनसुद्धा चेष्टेत विचारायचे, "काय हौसाबाई, आज निकाल काय?"

दुसऱ्या दिवशी भिकाजीला कबुली द्यायला मॅजिस्ट्रेटपुढं आणला. पडवीत हौसानं त्याला गाठला.

"गाठी तुमी घेतल्यात?"

"येडी काय तू? नाय!"

"मग नाय म्हणा."

"आणि पोरांवर ढकलू? तांडेल हाय मी!"

"कुणावर ढकलू नका. साहेब सांगतील, बोलायची सक्ती नाय, बोललास तर ता तुझ्यावरच उलटल. ता नीट ऐका. कुणी केला ता सरकारान शाबीत करायचा, तुमी नाय."

"गप गो," म्हणून तांडेल आत गेला. वादळाला न भ्यालेला गडी, बायकोचं ऐकायला भ्याला!

आता, साहेब ते वाक्य रोजच म्हणत. पण घाईतल्या आरतीसारखं, एका दमात. "कबुली देण्याचं बंधन नाही दिल्यास पुरावा होईल बोला." भिकाजीनं मान हलवली, तोंड उघडलं, आणि पंखा थांबला.

वैशाखाचे दिवस. साहेबांच्या कपाळावरून घामाची धार. "पंखा!" पट्टेवाला धावला, तर हौसाच दारात उभी.

"साहेब, आरोपी माझा घोव हाय. ता वाक्य जरा सावकाश सांगा. बारा वर्सा ऐकतंय, पण एका आरोपीला समाजलेला बघितला नाय."

हवालदार दात-ओठ खायला लागला. साहेब मात्र ओशाळले. त्यांनी आधी हवालदाराला बाहेर काढलं, चष्मा पुसला, आणि एकेक शब्द सुटा करून भिकाजीला समजावला. भिकाजीनं कान देऊन ऐकलं.

"असा हाय होय? मग सांगतंय. चोरी मी केलेली नाय. पोरांना मार बसू नये म्हणून अंगठा दिला. गाठी कुणी नेल्या ता मला ठावूक नाय."

पोलिसापुढची कबुली कायद्यानं चालत नाही, आणि दुसरा पुरावा काडीचाही नव्हता. पुढच्या तारखेला भिकाजी सुटला. चारही खलाशांनी त्याला कचेरीच्या पायऱ्यांवरच खांद्यावर घेतला. पुढं कैक वर्षं, चौकीचं बोलावणं आलं की मिरकरवाड्यातली माणसं वकिलाआधी हौसाचं दार ठोठावत. पण खरी मजा त्याच दिवशी, त्याच पायऱ्यांवर झाली. हवालदार खाली उभा होता. जळफळून म्हणाला, "नवरा सोडवलास गं बाई. पण गाठी गेल्या कुठं, ते तरी सांग!"

हौसानं पदर खोचला आणि ती म्हणाली, "हवालदारसाहेब, ता शोधायचा काम सरकारान तुमाला दिलाय, आमाला नाय."