गॅरेजमधला जंबालाया

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी फुलक्यांची कणीक मळत होते. सुधीर नेहमीसारखा सकाळी चालायला गेला होता, तो परतलाच नाही... तो शनिवार होता, म्हणजे त्याच्या जंबालायाचा दिवस. सगळं उरकून घरी आलो, तर गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये त्याने वितळायला ठेवलेली कोळंबी वाडग्यात तशीच. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्या वाडग्याला बोटही लावलं नव्हतं. दोन दिवसांनी ती कोळंबी मीच टाकून दिली, माझ्या हातांनी.

त्याच्या रिफायनरीतल्या नोकरीमुळे आम्ही शुगर लँडला आलो. तिथल्या एका लुइझियानाच्या सहकाऱ्याने त्याला हा पदार्थ शिकवला. सॉसेज, कोळंबी आणि भात, सगळं एकाच पातेल्यात. मी पक्की शाकाहारी, त्यातून हट्टी. "जे करायचं ते माझ्या स्वयंपाकघराबाहेर," मी सांगून टाकलं. मग पठ्ठ्याने गॅरेजमध्येच वेगळी चूल मांडली. गॅसची शेगडी, जाड बुडाचं काळं पातेलं, वेगळं उलथणं, भांडी घासायचा स्पंजसुद्धा वेगळा. गॅरेजचं मोठं दार वर करून शेगडी पेटवली की आत ओरडायचा, "दार लाव गं, बाटशील!" मी घरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार लावायची आणि खालच्या फटीत जुना टॉवेल कोंबायची. टॉवेलने वास अडत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जेवायला बसताना दर वेळी एकदा विचारायचा, "नुसता भात तरी? एक घास?" मी म्हणायची, "नको." तो हसून आपलं ताट ओढून घ्यायचा. त्याने कधी आग्रह केला नाही, आणि आता मला त्याचाच राग येतो. करायला काय झालं होतं?

महिन्याभराने आमची मुलगी ऋचा ऑस्टिनहून पुन्हा आली. "आई, बाबाची रेसिपी कुठे लिहिलीय?" कुठेच नव्हती. इंटरनेटवर ढिगाने होत्या, त्याची एकही नाही. गेल्या शनिवारी तिने त्यातलीच एक उघडून शेगडी पेटवली. मी सवयीने दार लावलं, टॉवेल कोंबला. सॉसेजचा धुरकट वास आला. मग कांदा, ढोबळी मिरची, सेलरी... तो बाहेर आहे असंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि मधेच एकदम कोळंबीचा वास आला.

मी दार उघडून ओरडले, "अगं, इतक्यात नाही! तो कोळंबी अगदी शेवटी टाकायचा. काढ आधी!"

ती उलथणं हातात धरून बघतच राहिली. "हाऊ डू यू नो? यू नेव्हर इव्हन टेस्टेड इट, आई!"

मला सगळं माहीत होतं. तांदूळ आणि पाणी पडलं की उलथण्याची खरखर थांबायची. झाकण पडायचं आणि तो एरवीचा बडबड्या माणूस खुर्चीत गप्प बसून राहायचा. मधे ढवळायचं नाही, उघडून बघायचं नाही. बऱ्याच वेळाने झाकण एकदाच वाजायचं, तेव्हा कोळंबी आत जायची. मी उंबऱ्यात उभं राहून एकेक सांगत गेले, ती करत गेली. झाकण पडल्यावर आम्ही दोघीही गप्प बसलो.

शेवटी तिने चमचाभर खाल्लं आणि तिचे डोळे भरून आले. "धिस इज इट. धिस इज बाबाज." मग तिने एका चमच्यात नुसता भात घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी "नको" म्हणाले. तिने लगेच चमचा मागे घेतला, अगदी त्याच्यासारखा. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

ऋचा या शनिवारीही येणार आहे. दाराशी पडलेला टॉवेल मी धुऊन, घडी करून कपाटात ठेवून दिला आहे.