वीस हातांची दोरी

सदानंदने कार्डावर भोकं पाडून एक अट बसवली आणि वरोरच्या साऱ्या होड्या एका झटक्यात बाद केल्या. स्वतःच्याच गावच्या! परक्याने केलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

साल सहासष्ट. डहाणूला मॅट्रिक झालेला हा मच्छीमाराचा मुलगा मुंबईच्या एका कचेरीत कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायला शिकला होता. होड्यांना इंजिनं द्यायची योजना आली. अर्ज ढीगभर, म्हणून निवड मशीनकडे. नियम साधा: होडी तीस फूट किंवा त्याहून लांब असेल आणि मालकाकडे दुसरी होडी नसेल, तर इंजिन, नाहीतर नाही. सदानंदने 'आणि' चोख बसवला, 'नाहीतर'ही बसवला. फक्त 'तीस किंवा जास्त'च्या जागी नुसतं 'तीसपेक्षा जास्त' सांगून बसला. बरोबर तीस भरणारी होडी मशीनच्या लेखी आखूड ठरली.

दुसऱ्या गावी हे खपूनही गेलं असतं. पण वरोरचा दशरथ सुतार प्रत्येक होडी बापाच्या वीस हातांच्या दोरीनेच बांधायचा. वीस हात म्हणजे तीस फूट. बोटभर जास्त नाही, कमी नाही. त्या दोरीचं टोक धरून उभा राहतच सदानंद मोठा झाला होता.

यादीत वरोरची एकही होडी दिसेना, तेव्हा चूक कळली आणि तो कचेरीतल्या साहेबांकडे धावला. "एकच कार्ड बदलायचंय, साहेब."

"यादीवर सही झालीय. वरून हुकूम आला तर बदलू."

"आणि वरचे साहेब?"

"दौऱ्यावर. ते येईपर्यंत इंजिनं वाटून होतील."

नारळी पौर्णिमेला तो गावी आला. देवकीआत्या ओट्यावर सुकट निवडत होती. आतोबांचा खांदा गेलेला, शीड ओढायला एकटा मुलगा लडक्या. झाई गावच्या इंजिनवाल्या होड्या बाजार उरकून घरी जात, तेव्हा कुठे याची होडी किनाऱ्याला लागे. इंजिन नाही तर होडी विकायची, हे घरात ठरून गेलं होतं.

"सदा, तुझ्या मशीनला बरोब्बर म्हणजे काय ते कळत नाही का रे?"

"मी सांगतो तेवढंच कळतं त्याला, आत्या."

"मग तुला कळत नाही, असं म्हण की!"

ती हसली आणि निघताना तिने त्याच्या हातात सुकटीचा डबा ठेवला. हसली नसती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर आत्याची होडी चिखले गावच्या माणसाने विकत नेली. नेण्याआधी त्याने दोरी लावून पाहिली. बरोब्बर वीस हात.

भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. तो अजून सदानंदच्या खोलीत फळीवर आहे. आत काय घालून न्यावं, हे त्याला सुचलेलं नाही.